काळजी कमी करणारं पुस्तक: निवडायचं कसं आणि सहा आठवडे वापरायचं कसं

सतत काळजी करणाऱ्या माणसाच्या कपाटात अशी पुस्तकं एकदोन नसतात, चारपाच असतात. प्रत्येकाची पहिली तीसचाळीस पानं हाताळून मऊ झालेली असतात, पुढची कोरी करकरीत. वाचताना बरं वाटतं, मिटलं की पहिले पाढे पंचावन्न. पुस्तक दरवेळी वाईटच असतं असं नाही, पण सूर्यनमस्काराचं पुस्तक पलंगावर पडून वाचलं तर दंड भरत नाहीत, तसंच हे आहे. या पुस्तकातला उपयोगाचा भाग म्हणजे त्यातली कामं. ती रोज थोडी थोडी करावी लागतात.

अशी पुस्तकं उपयोगी पडतात का, याचं सरळ उत्तर: सौम्य ते मध्यम त्रासात पडतात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०११ मध्ये सततच्या चिंतेच्या विकारासाठी उपचारांच्या पायऱ्या ठरवून दिल्या. औषधं आणि पूर्ण मानसोपचार यांच्या अलीकडच्या पायरीवर तिने स्वमदतीचं लेखी साहित्य ठेवलं, पण अटी घातल्या. साहित्य कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीवर, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलण्याच्या पद्धतीवर बेतलेलं हवं. वाचणाऱ्याला पेलेल अशा भाषेत हवं. आणि ते किमान ६ आठवडे क्रमाने करायला हवं. मदतनीस असेल तर २० ते ३० मिनिटांच्या ५ ते ७ भेटी. इंग्लंडमध्ये २०१३ पासून डॉक्टर असं पुस्तक सुचवतात आणि माणूस ते सार्वजनिक वाचनालयातून घरी नेतो. सांगलीकरांना यातलं वाचनालय नवीन नाही, इथलं नगर वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. अटी मात्र आपल्या आपणच पाळायच्या आहेत.

आधी मोजा

सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला नाही, तर सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही यावरही काळजीच सुरू होते. डॉक्टर जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी वापरतात. ती २००६ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं ते स्वतःला विचारा: जीव अस्वस्थ, धास्तावलेला वाटणं, काळजी थांबवता न येणं, वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी करणं, अंग आणि मन सैल न पडणं, एका जागी बसवत नाही इतकी चुळबुळ, लवकर चिडचिड होणं, काहीतरी भयंकर घडणार अशी भीती. अजिबात नाही तर ०, काही दिवस तर १, निम्म्याहून जास्त दिवस तर २, जवळजवळ रोज तर ३. बेरीज २१ पर्यंत जाते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून आकडा लिहा.

१५ किंवा जास्त आला तर एकटं पुस्तक पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि पुस्तक जोडीला ठेवा. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलं बरं, असे विचार येत असतील तर आकडा कितीही असो, पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. काळजी दाबायला रोज दारू लागत असेल, किंवा अनेक रात्री झोपच लागत नसेल, तरीही आधी डॉक्टर.

शरीराचंही बघून घ्या. थायरॉइड वाढलेला असला की धडधड, हाताला कंप, घाम, बेचैनी हे सगळं होतं आणि माणूस त्याला स्वभाव समजतो. रक्त कमी असलं तरी धाप आणि धडधड होते. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ते मनाचं आहे असं घरी ठरवू नका, ईसीजी काढून घ्या. आणि चहा मोजा. दुकानात, बाजारात, मळ्यात कप छोटा असतो, पण दिवसाला आठदहा होतात. दुपारी चारनंतरचा चहा बंद केल्याने काहींची झोप आठवड्यात सुधारते.

पुस्तक निवडताना दहा मिनिटं

मुखपृष्ठ बघू नका, मधलं पान उघडा. तिथे काही करायला सांगितलंय का? रकाने, प्रश्न, 'हे आठवडाभर लिहा' अशा सूचना दिसल्या तर पुस्तक हातात ठेवा. सलग दहा पानं फक्त थोरांचे किस्से आणि उपदेश असेल तर परत फळीवर. मग लेखकाची ओळख वाचा: मानसशास्त्राचं किंवा मनोविकाराचं शिक्षण आणि रुग्णांबरोबरचं काम आहे का? नंतर अनुक्रमणिका. डॉक्टरकडे केव्हा जायचं हे सांगणारं प्रकरण किंवा निदान एखादं पान असलेलं पुस्तक प्रामाणिक असतं.

तीन प्रकारची पुस्तकं मात्र घरी आणूच नका. एक, औषधं सोडायला सांगणारी. चालू गोळ्या पुस्तक वाचून बंद केल्या की त्रास उसळतो. त्या कमी करायच्या तर डॉक्टरांनी आणि हळूहळू. दोन, 'तुमच्या वाईट विचारांनीच तुमच्यावर वाईट वेळ ओढवते' असं म्हणणारी. काळजी करणाऱ्याला आधीच धास्ती, त्यात आता विचार आला याचीही धास्ती. 'मन चिंती ते वैरी न चिंती' हे आपल्या आजीला कळलं होतं, पण मनात आलं म्हणून ते घडतं असं ती कधी म्हणाली नाही. तीन, रोज आरशासमोर 'मी खंबीर आहे, मी सुखी आहे' असं घोकायला लावणारी. २००९ मध्ये कॅनडात झालेल्या प्रयोगात अशी वाक्यं म्हटल्यावर स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटणाऱ्यांना बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटलं. मन लगेच उलट साक्ष काढतं.

भाषा तीच घ्या जिच्यात तुम्हाला काळजी वाटते. रात्री दोन वाजता मनात 'पोराचं कसं होणार' येत असेल, तर इंग्रजी पुस्तकातला तक्ता भरताना वाक्य उसनं होतं. भाषांतरित पुस्तक घेतलंत तर त्यातली उदाहरणं खोडून आपली घाला. तिथल्या गृहकर्जाच्या जागी सोसायटीचं पीककर्ज लिहा.

पुस्तक एकच. सहा आठवडे दुसरं आणायचं नाही. नवं पुस्तक आणणं हा काळजीचाच एक वेश असतो: खरा उपाय पुढच्या पुस्तकात असेल, ही शंका. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिता येत नाही, म्हणून शंभर पानी वही घ्या आणि मुदत वाढवून घ्यायची तारीख तिच्यात टिपा. वाचन आठवड्याला एकच प्रकरण, सकाळी किंवा दुपारी. अंथरुणात वाचलं तर ते झोपेचं औषध होतं, दुसऱ्या दिवशी काहीही आठवत नाही.

पहिला आठवडा: फक्त टिपा

पुस्तक कुठलंही असो, चांगल्या पुस्तकाचा क्रम साधारण पुढीलप्रमाणे असतो. पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. वहीत पाच रकाने पाडा: वेळ, जागा, काय होईल असं वाटलं, काळजी ० ते १० मध्ये किती, आणि शेवटचा कोरा. दिवसात जास्तीत जास्त पाच नोंदी, एक नोंद दोन ओळींची.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'टेन्शन आलं' एवढंच लिहिणं. त्याचं पुढे काही करता येत नाही. काळजी म्हणजे भविष्याबद्दलचं एक विधान असतं, ते पूर्ण वाक्यात पकडायचं. चांगली नोंद अशी दिसते: 'मंगळवार, रात्री १०.५०. ओट्यापाशी, भांडी आवरताना. धाकटीचा पुण्याहून फोन नाही. तिला अपघात झालाय आणि कुणी कळवलेलं नाही. ९.' कोरा रकाना नंतर भरायचा: '११.२५ ला फोन आला. मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं.' हा शेवटचा रकाना भरायला लोक विसरतात, कारण फोन आला की काळजी संपते आणि मन पुढच्या काळजीकडे वळतं. रोज रात्री जेवणाआधी कालचे कोरे रकाने भरायची सवय लावा. चौथ्या आठवड्याचं सगळं काम याच रकान्यावर उभं आहे.

दुसरा आठवडा: दोन ढीग

आता प्रत्येक नोंदीला विचारायचं: हे आत्ता खरंच समोर आहे का, आणि येत्या दोन दिवसांत मी त्यावर काही करू शकतो का? दोन्हीला 'हो' आलं तर ते काम आहे. नाहीतर तो 'जर-तर' आहे.

सांगलीत हे समजावायला कृष्णेइतकं चांगलं उदाहरण नाही. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. ज्यांनी दुसऱ्या मजल्यावरून नाव बघितली त्यांच्या पोटात जुलैचे ढग पाहून गोळा येतो, आणि त्यात वेडेपणा काहीच नाही. पण त्या एका भीतीतही दोन ढीग असतात.

कामाचा ढीग: कागदपत्रं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पंधरा दिवसांची औषधं, घरातली म्हातारी माणसं आणि जनावरं कुठे न्यायची त्या घराशी आधीच बोलणं, आणि किती फुटांना सामान वर चढवायचं व किती फुटांना निघायचं हे आपल्या गल्लीत मागच्या वेळी पाणी कधी आलं ते आठवून कागदावर लिहिणं. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. प्रशासनाने निघायला सांगितलं तर कागद न बघता निघायचं. जर-तरचा ढीग: जूनच्या कोरड्या रात्री 'यंदा २०१९ पेक्षा मोठा आला आणि घरच गेलं तर?' यावर आज रात्री करण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण करण्यासारखं सगळं त्या कागदावर आहे. पावसाळ्यात पातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सरकारी आकड्यांवरून बघा. पाणी इशारा पातळीकडे निघालं तर जास्त वेळा. एरवी व्हॉट्सॲपच्या सहा ग्रुपवर दर दहा मिनिटांनी बघून माहिती वाढत नाही, जिवाचा घोर वाढतो.

तासगावच्या द्राक्षबागायतदारालाही हीच चाळणी लागू पडते. ढगाळ हवा आणि दावण्या या बुरशीच्या रोगाची भीती हे काम आहे: बागेत फिरून पानाची मागची बाजू बघा, सल्लागाराला विचारा, फवारणीचा निर्णय घ्या, तारीख लिहा. 'व्यापारी पैसे बुडवून गेला तर' यात अर्धं काम आहे, म्हणजे आगाऊ रक्कम, लेखी व्यवहार आणि आधीच्या गावात चौकशी. ते झाल्यावर उरतं ते जर-तर. काम असेल तर त्यापुढे कधी आणि पहिलं पाऊल काय हे लिहा. 'बँकेचं बघायचं' हे काम नव्हे. 'गुरुवारी अकराला पासबुक घेऊन शाखेत' हे काम.

तिसरा आठवडा: काळजीची वेळ

जर-तरच्या ढिगाचं काय करायचं, यावरचा सगळ्यात उपयोगी उपाय १९८३ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी तपासला: काळजीला मनाई न करता तिला वेळ आणि जागा नेमून द्यायची. रोज ३० मिनिटं, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. संध्याकाळी सहा ठीक. झोपेच्या आधीचे दोन तास नको. जागा पलंग किंवा रोजची आरामखुर्ची नको, नाहीतर तिथे पाठ टेकली की काळजी आपोआप सुरू होते. साधी खुर्ची, भिंतीकडे तोंड, वही आणि मोबाइलचा गजर.

दिवसभरात जर-तर आला की तीनचार शब्दांत चिठ्ठीवर टिपा, मनात 'सहाला' म्हणा आणि हातातल्या कामाकडे परत या. सहाला यादी वाचा. शिळ्या झालेल्या काळज्यांवर काट मारा, त्या बऱ्याच असतात. उरलेल्यांची मन लावून, लिहीत काळजी करा. साडेसहाला गजर झाला की उठा आणि लगेच हात गुंतेल असं काहीतरी करा: कुंड्यांना पाणी घाला, गाडी पुसा, पीठ मळा.

'विचारच करायचा नाही' असं ठरवलं तर का जमत नाही, हे १९८७ च्या एका प्रयोगाने दाखवलं. लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि ते अस्वल त्यांच्या मनातून हलेना. पुढे ढकललेल्या विचाराला मन जास्त सहज सोडतं, कारण त्याला नकार मिळालेला नसतो.

पहिले चारपाच दिवस मन ऐकत नाही. एकाच काळजीला दिवसात वीस वेळा 'सहाला' म्हणावं लागलं तरी ते अपयश नाही, तोच व्यायाम आहे. सहाला बसल्यावर काळजीच आठवली नाही तर पाच मिनिटांनी उठा, ओढूनताणून आणू नका. आणि अर्ध्या तासाचा दीड तास होऊ लागला तर गजर दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल.

झोपताना उद्याची कामं डोक्यात फिरत असतील तर पाच मिनिटं ती नेमकेपणाने कागदावर उतरवा. २०१८ मध्ये अमेरिकेत ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, उद्याची यादी लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली.

चौथा आठवडा: भाकितांचा हिशेब

आता पहिल्या आठवड्यापासूनचा शेवटचा रकाना मोजा. किती भाकितं खरी ठरली? खरी ठरली त्यांतली किती वाटलं होतं तितकी वाईट निघाली? अमेरिकेत २०२० मध्ये चिंतेचा विकार असलेल्यांकडून असाच हिशेब ठेवून घेतला, तेव्हा ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नव्हत्या. पण दुसऱ्याचा आकडा वाचून मन फार तर दोन दिवस मानतं. स्वतःच्या अक्षरातले, समजा, '३४ पैकी ३ च खरी' हे नाकारणं जड जातं.

इथे एक अडचण हमखास येते: 'मी काळजी केली म्हणूनच टळलं.' आईवडिलांच्या मनात ही समजूत खोल असते, कारण आपल्या भाषेत माया आणि चिंता या दोन्हींना काळजी हाच शब्द आहे. क्रियापद मात्र वेगळं आहे. काळजी घेणं म्हणजे मुलाला हेल्मेट देणं, आईची साखर तपासणं. ते करून संपतं. काळजी करणं संपत नाही. तपासायचं असेल तर आठवडाभर एक दिवस आड प्रयोग करा: एक दिवस नेहमीसारखी काळजी करा, दुसऱ्या दिवशी सगळी सहाला ढकला. मुलं घरी यायच्या वेळा दोन्ही प्रकारच्या दिवशी लिहा. काळजी घेणं दोन्ही दिवशी सारखंच ठेवा.

पाचवा आठवडा: खात्री न मागणं

हा सगळ्यात अवघड आठवडा, आणि पुस्तक इथेच मिटलं जातं. सतत काळजी करणाऱ्याला अनिश्चितता सोसत नाही, म्हणून तो खात्री मागत राहतो. मुलगी स्वारगेटहून एसटीत बसली की घरात हे सुरू होतं:

"अहो, पोचली असेल ना ती?"

"पोचली असेल गं."

दहा मिनिटं शांतता. मग पुन्हा तोच प्रश्न. उत्तर चुकीचं नाही, पण ते दहाच मिनिटं पुरतं आणि पुढच्या वेळी लवकर लागतं. आधी दोघांनी बसून ठरवा आणि मग उत्तर बदला: "आपण साडेनऊपर्यंत वाट बघायचं ठरवलंय. तोवर बस इथे, मेथी निवडू." हे आधी ठरलेलं नसेल तर तेच वाक्य तुटक वाटेल आणि भांडण होईल.

वहीत शिडी काढा. सोडून द्यायच्या सवयी, सोडताना किती धास्ती वाटेल त्यावरून, ० ते १० अशा लावा आणि ३-४ ची पहिली घ्या: मेसेज एकदाच वाचून पाठवणं, कुलूप एकदाच ओढून बघणं, लक्षणं मोबाइलवर न शोधणं. एक सवय चारपाच दिवस, धास्ती निम्म्यावर येईपर्यंत, मग वरची. थेट ९ ची घेतली की माणूस घाबरतो आणि पद्धतच कुचकामी ठरवतो.

श्वासाचे व्यायाम या काळात चालतील. ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं. खांदे आणि जबडा सैल पडतो. काळजी हाकलून लावायला मात्र ते वापरू नका, नाहीतर श्वास नीट घेतला की नाही याचीच काळजी लागते.

सोबतीला कोण

एकट्याने पुस्तक अर्ध्यावर सुटतं, विचारणारं कुणी असलं की टिकतं. हा माणूस तज्ज्ञ नसला तरी चालेल, पण तुमच्याइतकाच काळजी करणारा नको. आठवड्यातून एकदा २० मिनिटं. त्याने फक्त तीन प्रश्न विचारायचे: वहीत काय लिहिलंस, कुठे अडलं, पुढच्या रविवारपर्यंत काय करणार? सल्ला नको, 'काही होत नाही रे' नको. वही उघडून बघायचा हट्टही नको.

सहावा आठवडा आणि पुढे

तेच सात प्रश्न पुन्हा सोडवा. आकडा ४ किंवा जास्त उतरला तर फरक खरा आहे, पुढचे दोन महिने काळजीची वेळ १५ मिनिटांवर आणून चालू ठेवा. आकडा १० च्या वरच अडला तर दुसरं पुस्तक शोधू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे जा आणि वही बरोबर न्या. सहा आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या की डॉक्टरांचा पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो आणि 'कधीपासून, किती वेळा' याला अंदाजाऐवजी उत्तर मिळतं.

वहीचं शेवटचं पान काळजी परत येईल तेव्हासाठी राखा, कारण ती परत येते: मुलांच्या परीक्षेत, छाटणीच्या दिवसांत, नदी चढते तेव्हा. त्या पानावर चार गोष्टी लिहा. माझी पहिली खूण काय, उदाहरणार्थ रात्री तीनला जाग किंवा फोन पुन्हा पुन्हा बघणं. कोणता उपाय मला लागू पडला. रविवारी विचारणारं कोण. आणि खाली १४४१६.